पेमाच्या नावचं रक्त

डोंगरकडा, ता. कळमनुरी
११ मे २०२५

चि. राजनंदिनीला आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

पत्र पुनमच्या हातचं, बोल माझे. तुझी वहिनी अक्षर चांगलं काढती, पण मी बोलले त्यातलं निम्मं गाळती. म्हणून तिला आधीच शपथ घातली आहे. (आजी म्हणतात तसंच लिहून राहिले. – पुनम)

फोनवर तू बरी आहे म्हणतीस आणि लगेच ठेवून देतीस. बऱ्या माणसाला एवढी घाई नसती. तुझ्या भावाला, हरीशला विचारलं तर तो माझ्याकडं बघत न्हाई, मोबाइलकडं बघतो. म्हणून पत्र धाडून राहिले. पत्राला मधूनच ठेवून देता येत न्हाई.

इकडचं बरं आहे. हळद पॉलिश होऊन हिंगोलीला गेली, तरी घर अजून पिवळंच आहे. काल दह्यालासुद्धा हळदीचा वास आला. ऊन असं की कोंबड्या रांजणाखालून निघत न्हाईत. तुझ्या आईनं पापड केले. चव बघायला मागितले तर अर्धा मोडून दिला. अशी माझी सून.

आता माझा राग ऐक. भाद्रपदात तू स्वतः आली होतीस. एकेकीचा हात मांडीवर घेऊन रक्त काढलंस, लोहाच्या नव्या गोळ्या वाटल्यास, आणि सांगून गेलीस की सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेऊन ते वाढलं का बघायचं, आणि त्यावर तुझी पीएचडी व्हायची. मग ऐन वेळेला संस्थेत बाहेरदेशचे पाहुणे आले आणि त्यांच्यामागं फिरायला तुझ्या सरांनी तुला ठेवून घेतलं. काहून? त्यांना स्वतःला पाय न्हाईत? तू रक्ताचं शिकायला गेलीस का चहाचे कप उचलायला?

तुझ्या जागी हिंगोलीच्या गंगूताई सिस्टर बिचाऱ्या एकट्या आल्या. एकाही बाईला त्या ओळखत नव्हत्या. त्यात हळद काढायचे दिवस. कुणाच्या दारात बॉयलर लागलेलं, कुणाच्या सऱ्या उकरून पडलेल्या. पण तू घोर करू नको. मी समाजमंदिराच्या पायरीवर ठाण मांडून होते. नाव पुकारलं आणि बाई हजर न्हाई, असं एकदाही झालं न्हाई.

खरं काय ते उलट टपाली कळव. माझा जीव तुझ्यात आहे, त्याला उगीच टांगून ठेवू नको.

तुझी,
आजी


पुणे
१९ मे २०२५

ती. आजीस राजनंदिनीचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जिन्यातच उघडलं. पापडापर्यंत हसले आणि त्याच्या पुढे वाचवेना. तू बरोबर ओळखलंस, मी बरी नाही.

आपल्या बायकांच्या दोन्ही वेळच्या नळ्या शेजारी ठेवून तपासायला घेतल्या. माणसाचा रक्तगट जन्मल्यापासून मरेपर्यंत एकच राहतो. इथे मात्र कितीतरी जणींचा बदललेला निघाला. पेमाकाकूंचं रक्त भाद्रपदात बी गटाचं होतं, फेब्रुवारीत ते ओ झालं. मला वाटलं माझीच चूक. पुन्हा तपासलं, दुसऱ्या प्रयोगशाळेकडून तपासून घेतलं. तेच.

मग संस्थेनं चौकशी समिती नेमली. त्यांचं म्हणणं असं, की मी गावात बायका जमवल्याच नाहीत. कुठल्यातरी रक्तपेढीतून रक्त मिळवलं, नळ्या भरल्या आणि वर आपल्या बायकांची नावं चिकटवली. ते मला थेट खोटारडी म्हणत नाहीत, आजी. इंग्रजीत त्याला बरेच सभ्य शब्द आहेत, पण अर्थ तोच.

आणि सर? ज्यांनी मला पाहुण्यांसाठी थांबवून घेतलं, सिस्टरना पाठव, तेवढं काम कुणीही करतं असं सांगितलं, ते समितीपुढे म्हणाले की मी गावी गेले नव्हते हे त्यांना माहीतच नव्हतं. मी शेजारच्याच खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आळ खरा ठरला तर माझं नाव पीएचडीतून काढतील, आणि मग दुसरी कुठलीच संस्था मला उभं करणार नाही. तू त्या दिवशी पायरीवर होतीस. काय झालं ते आठवेल तसं सांग. मी तुला दोष देत नाही, मला फक्त खरं हवं आहे. बाबांना इतक्यात काही कळू देऊ नकोस.

वहिनीला गोड सांग. तुझा हात डोक्यावर असू दे.

तुझी,
राजनंदिनी


डोंगरकडा
२७ मे २०२५

चि. राजनंदिनीला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

बाबांना कळू देऊ नको म्हणालीस. पण पुनम वाचती ती शाळेत कविता म्हटल्यासारखी, आणि तुझा बाप भिंतीपलीकडं जेवत होता. विश्वंभरनं ताट सारलं आणि पोरीला घेऊन येतो म्हणून चपला शोधायला लागला. मी त्याच्या चपला पायाखाली घेऊन बसले. तेव्हा ते तेवढ्यापुरतं मिटलं आहे.

तुझ्या सरांबद्दल मी जे बोलले ते पुनम लिहीना. शिकलेल्या घरात असं पत्र जात न्हाई म्हणती. मग जे जातं ते लिही म्हटलं. माझ्या नातीला खोटी म्हणणाऱ्या माणसाला म्हणावं, आमच्या गावात माणूस बैल विकताना खोटं बोलतो, पण बैल शेजारी उभा असताना बोलत न्हाई.

आता त्या दिवशीचं. त्यात लपवायचं काय आहे? पेमाच्या दारात त्या दिवशी हळद शिजवायचं बॉयलर आलं होतं. भाड्याचं ते, ज्याची पाळी असती त्याच्याकडं थांबतं, न्हाईतर पुढच्या गावाला जातं. पेमा हळद सोडून येती कशी? म्हणून तिची जाऊ देवला आली. सिस्टरनं पेमा म्हणून पुकारलं, देवला हौ म्हणाली आणि हात पुढं केला. कुणाची सासू आली, कुणाची बहीण आली. मीच सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की पोरीचं काम आहे, खाडा पडू देऊ नका.

यात काय चुकलं? सावड म्हणजे काय ते पुण्याला जाऊन विसरलीस का? आज तुझ्या शेतात मी, उद्या माझ्या शेतात तू. मी अडले तर माझी सून येईल. वाट्याला आलेली पात निंदली का न्हाई ते बघतात, कुणी निंदली ते कुणी विचारत न्हाई. पेमाच्या नावचं रक्त देवलानं दिलं, म्हणजे पेमाची पात निघाली. आमी आपलं असं समजलो.

ज्या बाईनं गोळ्या खाल्ल्या तिचंच रक्त पाहिजे, हे तू भाद्रपदात सांगितलं होतंस असं पुनम म्हणती. सांगितलं असशील. पण तेव्हा तू सोबत फोटो दाखवून राहिलीस, बायका तुझा ड्रेस बघून राहिल्या. आणि गंगूताईनं तरी काय करावं? नाव पुकारलं, बाई हौ म्हणाली. तिला काय सपन पडणार?

हे सगळं त्या समितीला जसंच्या तसं सांग. मान खाली घालून सांगू नको. आमी कुणी चोरी केली न्हाई. उलट एकीचं काम दुसरीनं अंगावर घेतलं. तुझ्या सरांनी मात्र स्वतःचा दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकला. त्याला आमच्यात दुसरं नाव आहे, ते पुनम लिहिणार न्हाई.

(आजी हे सगळं ताडताड बोलल्या, पण पुढ्यातला चहा तसाच निवला. तुला कळावं म्हणून माझं मी लिहिलं. – पुनम)

पोटाला खात जा. रागानं भूक मरती, ती मरू देऊ नको.

तुझी,
आजी


पुणे
७ जून २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी पहिल्यांदा खोलीत एकटीच मोठ्यानं ओरडले. शेजारची मुलगी पाल निघाली का बघायला आली. आजी, रक्तगट का बदलले हे कळल्यावर मला इतकं हलकं वाटलं की तुमच्यावर चिडायचं राहूनच गेलं. आता चिडते. ड्रेस बघत होतात? सगळ्या?

समितीला मी सगळं सांगितलं. एक गृहस्थ हसले. दुसऱ्यांनी ही छान लोककथा आहे असा शेरा मारला. नीलांबरी मॅडम म्हणून एक आहेत, दुसऱ्या विभागाच्या, त्या तेवढ्या हसल्या नाहीत. सावड कशी असते, एका घरातल्याच बायका जातात की शेजारच्याही, असं त्या विचारत राहिल्या.

शेवटी दोन वाटा निघाल्या. एक, गंगूताई सिस्टरनी नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची गल्लत केली असं मी लिहून द्यायचं. मग तो हाताळणीतला दोष ठरतो, मी सुटते आणि सरही सुटतात. सरांनी मजकूर तयारच आणला होता. सिस्टर कंत्राटी आहेत, हे काम गेलं तर दुसरं मिळेल, असं ते म्हणाले. त्यांना पुन्हा कोण बोलावणार, ते बोलले नाहीत. दुसरी वाट म्हणजे ज्या बायकांनी दुसऱ्यांच्या नावावर रक्त दिलं त्यांनी ते पुन्हा द्यायचं. ते डीएनए तपासणीत त्या नळ्यांशी जुळलं तर माझं खरं. महिनाअखेरीपर्यंत मला ठरवायचं आहे.

तुझ्यापासून काही लपवत नाही. पहिला कागद पुढे आला तेव्हा मी पेन हातात घेतलं होतं. एक सही, आणि सगळं संपलं असतं. मग सिस्टरचा फोन आला. या भानगडीतलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. नळ्या नीट पोहोचल्या ना, बर्फ कमी पडला म्हणून जीव लागून राहिला होता, एवढंच विचारायला केला होता. मी पेन ठेवलं.

दुसऱ्या वाटेसाठी बायका तयार होतील का? विचारून कळव. तुझ्या शब्दावर माझं सगळं अडलं आहे.

तुझी,
राजनंदिनी


डोंगरकडा
१४ जून २०२५

चि. राजनंदिनीला आशीर्वाद. वि. वि.

पेन ठेवलंस म्हणून पुढचं लिहिते, न्हाईतर आशीर्वादावरच पत्र थांबवणार होते. गंगूताईनं त्या दिवशी दुपारचा डबासुद्धा उघडला न्हाई. तिच्या नावानं तू सुटली असतीस तर या घरात तुझा पेढा कुणी खाल्ला नसता.

बायकांना विचारलं. न्हाई म्हणाल्या.

अशा भडकल्या की मला माझ्याच ओट्यावर बसायची चोरी झाली. देवला म्हणाली, तिनं कुणाची कोंबडी चोरली न्हाई, मग तिनं पुरावा कशाला द्यायचा? एकदा दिलेलं रक्त खरं न्हाई म्हणतात, तर दुसऱ्यांदा दिलेलं खरं कसं मानतील? पेमाचा राग निराळाच. तिच्या नावावर ओ निघालं, तेव्हा देवलाचं रक्त भारी आणि तिचं हलकं ठरलं काय, असं ती मला विचारून राहिली. दोघी जावांचं आता त्यावरून बोलणं बंद आहे.

मी त्यांना समजावलं न्हाई. समजावू काय? मला बराबर वाटलं त्यांचं. लोकांच्या दंडातून रक्त न्यायचं आणि वरून ते कुठल्या पेढीतून आणलं म्हणायचं! तुझ्या समितीतल्या एकानं तरी डोंगरकडा कुठं आहे ते बघितलं का? नांदेडहून जीप आहे, हिंगोलीहून जीप आहे, रस्ता काही बंद पडला न्हाई.

तेव्हा समितीला कुणी रक्त देणार न्हाई. तुला देतील का, ते मला माहीत न्हाई. मी आजी आहे म्हणून त्यांच्यावर जबरी करणार न्हाई. तू ये. स्वतः विचार. पत्रानं भांडण होतं, हातात हात घ्यायला माणूस लागतं.

येताना पेमासाठी काही आणू नको, देवलाला वाटेल हलकं रक्त गोड झालं. आणायचं तर दोघींना सारखं आण.

वाट बघून राहिलेली,
आजी


पुणे
२१ जुलै २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

गावाहून आल्यापासून लिहीन म्हणते, पण निकाल लागेपर्यंत हात उठेना. काल लागला. सगळ्या जुळल्या, आजी. देवलाकाकू पेमाकाकूंच्या नळीशी जुळल्या, बाकीच्याही जिथल्या तिथे बसल्या. एकही चुकली नाही. मी काही बनवलं नव्हतं हे समितीनं लेखी दिलं. गंगूताईंना कुणी काही बोललं नाही. त्यांचं काम चालू आहे.

देवलाकाकूंनी मला वांग्याच्या वाफ्यात उभं केलं होतं ते तुला माहीत नाही. आधी एवढं सांग म्हणाल्या, की माझं रक्त पेमाच्या नावावर गेलं तर तुझं बिघडलं काय? मी सांगितलं की गोळ्या खाल्ल्या पेमाकाकूंनी आणि मी रक्त बघत बसले तुमचं. उद्या मी त्यावरून लिहिलं असतं की या गोळीचा उपयोग नाही, आणि ते खरं मानून कुणी गरोदर बायकांच्या गोळ्या बंद केल्या असत्या, तर? त्या बराच वेळ वांगी तोडत राहिल्या. मग बाही वर केली.

आता दुसरी बाजू. सरांनी माझ्याबद्दल जे सांगितलं त्याला समितीनं संवादातील उणीव असं नाव दिलं आहे. ते आहेत तिथेच आहेत. मला मात्र त्यांनी विद्यार्थिनी म्हणून ठेवायला नकार दिला. फेब्रुवारीच्या नळ्या कामाच्या नाहीत, म्हणून भाद्रपदातल्याही नाहीत. दोन वर्षं गेली. नीलांबरी मॅडम मला घ्यायला तयार आहेत, पण पहिल्यापासून, नव्या रक्तानं, नव्या गोळ्यांनी.

बाबा रोज फोन करतात. हिंगोलीच्या एका कॉलेजात शिकवायची जागा आहे. आजी, मी थकले. खोटी नाही हे सिद्ध झालं, तेवढं पुरे वाटतं. या महिन्यात सामान आवरावं असं मनात आहे. तू रागावणार नाहीस ना?

तुझी,
राजनंदिनी


डोंगरकडा
२९ जुलै २०२५

चि. राजनंदिनीला. वि. वि.

आशीर्वाद या वेळी मागं ठेवला आहे. पत्र पूर्ण वाचलंस तर मिळेल.

संवादातील उणीव! पुनमला तीनदा वाचायला लावलं. खोट्याला तुमच्याकडं एवढं छान बारशाचं नाव ठेवतात होय? मग आमच्या गावच्या भुरट्याला काय म्हणावं, दुसऱ्याच्या कोंबडीशी जवळीक?

रागावू नको म्हणतीस. का रागावू नये? तू थकलीस, हे मला समजतं. थकल्या माणसाला मी कधी ऊठ म्हटलं न्हाई. चार दिवस ये, झोप, तुझ्या आईला पाय चेपायला लाव. पण सामान घेऊन येणं निराळं. तू सामान घेऊन आलीस तर गाव काय म्हणेल? खोटं केलं होतं, म्हणूनच काढली. तुझा लेखी कागद मी पारावर कुणाकुणाच्या तोंडापुढं धरू? मला तर वाचतासुद्धा येत न्हाई, उलटा धरला तर? आणि ज्यानं केलं तो तिथं पंख्याखाली, आणि तू इथं. हे मला जेवू देत न्हाई.

दुसरं ऐक, ते जास्त मोठं आहे. एकदा भाद्रपदात, एकदा फेब्रुवारीत, एकदा आत्ता. या बायकांना इतक्यांदा टोचलंस आणि गोळीनं रक्त वाढतं का न्हाई, हे त्यांना अजून सांगितलं न्हाईस. काल पेमा निंदताना चक्कर येऊन खाली बसली. मला विचारून राहिली, की मग त्या गोळ्या खाऊ का नको खाऊ. मी काय सांगू? तिला कॉलेजातल्या पोरांना धडा शिकवून काय सांगशील तू? अर्धी पात सोडून बांधावर जाणाऱ्या बाईला आमी दुसऱ्या दिवशी बोलावत न्हाई. थकली म्हणून न्हाई, ज्याची पात त्याला न सांगता गेली म्हणून.

तुझ्या बापाला मी बोलले आहे. त्याचं म्हणणं, पोरीला तकलीफ होते ते त्याला बघवत न्हाई. मी म्हटलं, मग बघू नको, पण बोलावू नको. आता तो माझ्याशी बोलत न्हाई. घरात जेवढी शांतता आहे तेवढी गेल्या कैक वर्षांत नव्हती.

तुझं तू ठरव. न आलीस तर मी रडेन, आलीस तर भांडेन. घे आशीर्वाद.

तुझी,
आजी


पुणे
३० ऑगस्ट २०२५

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बांधलेलं सामान पुन्हा सोडलं. काल नीलांबरी मॅडमकडे नाव नोंदवलं.

त्या पुढच्या पंधरवड्यात गावात येत आहेत, पहिलं रक्त घ्यायला. मला मात्र येता येणार नाही. मी गावची, घरची. या वेळी कुणाला बोट दाखवायला जागा नको म्हणून सगळं परक्या माणसांनी करायचं ठरलं आहे. प्रत्येक बाईनं स्वतः यायचं, तिच्या वतीनं कुणीही काही करायचं नाही, एवढं तू सगळ्यांना पुन्हापुन्हा सांग. ड्रेस बघायला या वेळी मी नाही, तेव्हा ऐकतील.

हे बिनसलं तर तिसऱ्यांदा मला कुणी संधी देणार नाही, आणि मी मागणारही नाही. इथे बसून नुसती वाट बघायची, हे मला रक्त देण्यापेक्षा अवघड जाणार आहे. काय झालं ते सगळं लिही, काही गाळू नका. वहिनी, हे तुला आहे.

तुझी,
राजनंदिनी


डोंगरकडा
१८ सप्टेंबर २०२५

चि. राजनंदिनीला आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुला येऊ दिलं न्हाई म्हणून तुझ्या मॅडमला चांगलंच सुनवायचं ठरवलं होतं. पण ती बाई जीपमधून उतरली ती हापशावर पाय धुऊन सतरंजीवर बायकांत बसली. म्हणून थोडक्यात सुनावलं. ती ऐकून घेती. सवय असावी.

सगळ्या बायका स्वतः आल्या. पेमा आणि देवला एका रांगेत होत्या, बोलत नव्हत्या, पण एकमेकीचा पदर सारखा करून राहिल्या होत्या. मॅडमनं नियम सांगितला. बाईनं टेबलापाशी यायचं आणि आपल्या तोंडानं आपलं पूर्ण नाव सांगायचं. आपलं, नवऱ्याचं, मग आडनाव. दुसऱ्या कुणी सांगायचं न्हाई. सांगितलं तर ती बाटली भरायची न्हाई.

तरण्या पोरींनी पटापट सांगितलं. त्यांचे नवरे म्हणजे त्यांना घरगडीच, नावानंच हाका मारतात. मग पेमा आली. पेमा म्हणाली आणि गप्प बसली. मॅडमच्या माणसानं पुढचं विचारलं. पेमानं पदर दातात धरला. देवलाच्यानं राहवलं न्हाई, ती मागून सांगायला गेली, तर त्या माणसानं हात वर केला. कुणी म्हणालं राशनकार्ड आणा. मॅडम म्हणाली कार्ड नको, मागच्या वेळी एकीचं दुसरीनं सांगितलं तिथंच सगळं बिघडलं, या वेळी ज्याचं त्यानं बोलायचं. तिचं बराबर होतं, म्हणून मला जास्त राग आला. पेमा उठली. तिच्यामागच्या थोराड बायकाही पदर सावरायला लागल्या. नवऱ्याचं नाव घेऊन त्याचं आयुष्य कमी करायचं का एका सुईपायी, असं एक बाई पुटपुटली. नंदिनी, तुझी पीएचडी माझ्या डोळ्यांदेखत त्या बायकांच्या पायांनी दाराकडं चालली होती.

आता मला सांग, मी तरी कधी घेतलं आहे ते नाव? लग्नात मी एवढीशी होते, उखाणासुद्धा माझ्या वतीनं नणंदेनं घेतला. राशनला, बँकेत, मतदानाला तुझा बाप सांगायचा आणि मी मान हलवायची. ते गेले तेव्हा तहसीलचा माणूस विचारत आला, तर शेजाऱ्यानं सांगितलं. जन्मभर त्यांचं नाव दुसऱ्यांनीच घेतलं. मला एकाएकी त्याचाच राग आला. त्यांच्याशी संसार केला मी, आणि नाव घ्यायला सगळं गाव.

मी काही त्या यादीत न्हाई. माझं म्हातारीचं रक्त कुणाला पाहिजे? तरी उठले, टेबलापाशी गेले आणि मोठ्यानं सगळं नाव सांगितलं. आवाज माझा मलाच परका वाटला. तुझा बाप दारात उभा होता. त्यानं टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मग पेमा माघारी आली. आता तर लाजायला कुणी उरलंच न्हाई म्हणाली, आणि तिनं खणखणीत घेतलं:

शिजल्या हळदीला ऊन दाखवते निगुतीनं,
ग्यानोबाचं नाव घेते सुईच्या भीतीनं.

काय हसल्या बायका! त्यानंतर एकीनंही साधं नाव सांगितलं न्हाई. ज्या बाईला नाव घ्यायची लाज, तिचाच उखाणा सगळ्यांत लांब. मॅडमच्या डब्यातलं बर्फ पाणी व्हायला आलं, तो माणूस हात जोडून राहिला, थोडक्यात घ्या म्हणून. कुणी ऐकलं न्हाई. पण ज्या बाईचं नाव, तिनंच घेतलं, आणि तिचाच हात सुईपुढं आला. मी माघारी पायरीवर बसले ती शेवटची बाई उठेपर्यंत हलले न्हाई. बाटल्या भरून जीपमध्ये बसल्या. आता तुझ्याकडून कसूर झाली तर मात्र मी समिती बसवीन.

पुनम विचारून राहिली, खाली नेहमीसारखं आजी लिहू का. मी म्हटलं, न्हाई, टेबलापाशी जे सांगितलं ते लिही. नीट अक्षरात लिही.

काम पुरं करून ये. माया आहे तेवढी आहे, कमी व्हायची न्हाई.

गोजरबाई सटवाजी कऱ्हाळे